उपग्रहाला चारोळीचं झाड दिसतं का?

 या वेळेला कोणाच्या हाती निवडायची तूर असेल, कोणी भाकरीचं पीठ मळत असेल. हात थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या. आज जरा आभाळातली गोष्ट सांगायची आहे, पण ती सुरू होते आपल्या पातूरच्या डोंगरात.

आमच्या गावात मागे एक बैठक झाली. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली आणि एका तरुण साहेबांनी तिच्यावर दोन चित्रं दाखवली. दोन्ही आमच्याच टेकडीची, उपग्रहानं काढलेली. एक दहा वर्षांआधीचं, एक आताचं. जुन्या चित्रात टेकडीची उत्तरेकडची बाजू पिवळट होती, नव्या चित्रात हिरवीगार. ‘पाहा, तुमचं जंगल वाढलं,’ साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, नकाशा पाहिला की मला आपोआप खरा वाटतो.

मागच्या रांगेतून आमच्या गटातल्या एका आजीनं विचारलं, ‘भाऊ, थे हिरवं हिरवं कायचं हाय?’

‘झाडांचं, आजी.’

‘कोनत्या झाडायचं?’

साहेब प्रामाणिक होते. म्हणाले, ‘ते यात कळत नाही.’

आजी म्हणाली, ‘मी याच टेकडीवरून चाराच्या फळाच्या टोपल्या भरून आनल्या. आता चाराचं एक झाड गवसत नाई. अन् तुमच्या चादरीवर तं जंगल वाढलं.’

लोक हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आजी खोटं बोलत नव्हती आणि चित्रही खोटं नव्हतं. मग दोन्ही खरं कसं? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी उपग्रह पाहतो कसा, ते समजून घेऊ. तुम्ही नवरात्रात रेणुकामातेच्या टेकडीवर गेला असाल. वर उभं राहून खाली पाहिलं की कोणाच्या वावरात कपाशी, कोणाच्या वावरात तूर, कुठे सोयाबीन सोंगून झालं, हे आपण न विचारता सांगतो. एकेक पान थोडंच दिसतं तिथून? आपण रंगावरून ओळखतो आणि दिवसांवरून ओळखतो. दिवाळीनंतर जे काळंभोर नांगरलेलं दिसतं तिथे आता हरभरा पेरणार, आणि पौषात ज्या वावरात पिवळं पडत चाललंय ती तूर. उपग्रहही हेच करतो. फक्त त्याची टेकडी फार उंच आहे.

युरोपातल्या देशांनी मिळून सोडलेले सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. पहिला २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली. जमिनीपासून सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून ते फिरतात आणि दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात. त्यांची चित्रं जगात कोणालाही फुकट मिळतात. त्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. हे माप तुमच्या ओळखीचं आहे. सातबारा काढून पाहा, त्यावर हेक्टर आणि आर लिहिलेलं असतं. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे बरोबर आपला एक आर. आपल्या देशाच्या उपग्रहांवरचा जो कॅमेरा जंगल मोजायला वर्षानुवर्षं वापरला, त्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच आरांचा. साडेपाच आरांत काय काय असेल, त्या सगळ्याचा मिळून एकच रंग. जसं सात डाळी एकत्र दळल्या की पीठ एकाच रंगाचं.

आता त्या रंगाची गंमत ऐका. आपल्या डोळ्याला दिसतात त्याहून जास्त रंग उपग्रह पाहतो. सेंटिनेल-२ तेरा प्रकारचा उजेड वेगवेगळा मोजतो. त्यात तांबड्याच्या पलीकडचा एक उजेड आहे, तो आपल्याला दिसतच नाही. हिरवं, निरोगी पान सूर्याचा तांबडा उजेड अन्न तयार करायला गिळतं आणि हा पलीकडचा उजेड मात्र अर्ध्याच्या आसपास परत फेकतं. वाळलेलं पान तसं करत नाही. म्हणून उपग्रहाला जिवंत हिरवळ लगेच कळते. शिवाय सागाचं रुंद खरबरीत पान, धावड्याचं बारीक पान, सालईचं कातरलेलं पान, प्रत्येकाचा उजेड परत फेकण्याचा हिशोब थोडा थोडा वेगळा. फरक बारीक आहे, पण यंत्राला तो पकडता येतो.

त्याहून मोठी मदत दिवसांची होते. आपल्या रानातल्या झाडांचं वेळापत्रक तुम्हाला मी काय सांगावं? सालई थंडी सरायच्या आत नागडी होते. सागाची पानं माघ-फाल्गुनात झडतात ती पावसापर्यंत नीट येत नाहीत. पळस पान टाकून शिमग्याला पेटतो. मोहाची फुलं वेचून होत आली की तांबूस कोवळी पालवी फुटते. चाराचं झाड उन्हाळ्यातही बऱ्यापैकी पान धरून असतं. बहावा वैशाखात पिवळा. आता एकाच आराचं चित्र जानेवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये काढून शेजारी शेजारी ठेवलं, तर कोण कधी झडलं आणि कोण कधी पालवलं यावरून बराच अंदाज येतो. एक अडचण अशी की सागाला फुलोरा येतो ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हाच या उपग्रहाच्या डोळ्यावर ढगांचा पदर असतो. ढगांतून आरपार पाहणारे उपग्रह वेगळे. आपल्या इस्रोनं आणि अमेरिकेच्या नासानं मिळून जुलै २०२५ मध्ये ‘निसार’ सोडला, तो त्या जातीचा. त्याला पानांचा रंग कळत नाही, पण खोड-फांद्यांचा भार कळतो.

हे झालं पाहणं. आता अंदाज कसा बांधतात? बाजार समितीत व्यापारी पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि तेवढ्यावरून ढिगाचा भाव सांगतो, ते आठवा. शास्त्रज्ञ जंगलात जाऊन थोड्या ठिकाणी चौकोन आखतात आणि त्यातलं प्रत्येक झाड नावानिशी लिहितात. मग त्याच चौकोनांचे उपग्रहातले रंग काढतात. कुठल्या रंगांच्या जागी किती जातींची झाडं निघाली, हे संगणकाला शिकवतात. एकदा तो शिकला की जिथे माणूस गेलाच नाही अशा डोंगरावरचे रंग पाहून तो सांगतो, इथे इतक्या जाती असाव्यात. यामागचा एक साधा विचार २००२ साली एका अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडला होता. शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग जितके एकमेकांपासून वेगळे, तितक्या तिथे जाती जास्त. गोधडीसारखं. एकाच लुगड्याची गोधडी एकरंगी दिसते, दहा घरच्या चिंध्यांची दुरूनही ठिगळाठिगळाची.

‘असाव्यात’ हा शब्द लक्षात ठेवा. तो ‘आहेत’ असं म्हणत नाही.

हे काम थंड देशांत आणि हिमालयासारख्या डोंगरांत जरा सोपं जातं. तिकडे चीड, कैल अशी पाइनच्या कुळातली झाडं असतात. जगात या कुळाच्या शंभराहून जास्त जाती आहेत. सगळ्यात जास्त, पन्नासच्या आसपास, मेक्सिको देशात. आपल्या हिमालयात आणि ईशान्येत मिळून मोजक्याच, चीड, कैल, चिलगोजा, खासी पाइन अशा. ती झाडं बारमाही हिरवी असतात आणि अख्खा उतारच्या उतार एकाच जातीचा असू शकतो, म्हणून ठिपक्याला ‘हा चीड’ असं नाव देता येतं. आपलं जंगल तसं नाही. पातूरपासून मेडशीपर्यंत घाटानं जा. अजिंठ्याच्या रांगेचा हा पूर्वेकडचा भाग, सगळं पानझडीचं रान. एका आरात साग, बाजूला टेंभुर्णी, खाली आवळ्याचं पोर, मध्ये एखादा बिब्बा. सगळ्यांची मिळून एक डाळ दळलेली. म्हणून इकडे ‘हे झाड कोणतं’ यापेक्षा ‘इथे किती प्रकार असावेत’ एवढंच विचारणं शहाणपणाचं ठरतं.

आपल्या देशात हे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १९८८ साली भारताचा पहिला पृथ्वी पाहणारा कामाचा उपग्रह गेला. त्याच वर्षी आपल्या शेजारचं काटेपूर्णा अभयारण्य जाहीर झालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला वर्ष लक्षात ठेवायला बरं पडतं. पुढे १९९८ पासून डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेनं पुढाकार घेऊन सगळ्या देशाच्या जंगलांचं जैवविविधतेच्या दृष्टीनं नकाशांकन केलं. वर्षानुवर्षं चाललेलं काम. पंधरा हजारांहून जास्त ठिकाणी माणसांनी प्रत्यक्ष जाऊन झाडं लिहिली. म्हणजे पाहा, आकाशातला नकाशा म्हणतो आपण, पण त्याच्या खाली चपला झिजवणारी माणसं होती.

त्या नकाशातला हिशोब मला वाचायला मिळाला तेव्हा एक गोष्ट टोचली. जंगलाचे तुकडे किती झाले, रस्ता किती जवळ, गाव किती जवळ, यावरून ‘बिघाड’ मोजला होता. गाव जवळ म्हणजे बिघाड जास्त. बहुतेक ठिकाणी ते खरंच आहे, कुऱ्हाड आणि गुरं गावातूनच जातात, नाही म्हणता येत नाही. पण धुऱ्यावरचा मोह कोणी राखला? देवाच्या नावानं राखलेल्या कोपऱ्यात कुऱ्हाड लावू नका, असं लेकरांना कोण सांगतं? गावाची ही बाजू रस्त्यापासूनच्या अंतरात मावत नाही.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. हिरवं वाढलं आणि चारोळी गेली, हे कसं?

पहिलं कारण व्याख्येत आहे. देशाचं वनक्षेत्र मोजणारी संस्था म्हणजे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण. १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५० हजार ७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या साडेसोळा टक्के होतं. पण वनाच्छादन म्हणजे काय? एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, जिच्यावर झाडांची सावली दहा टक्क्यांहून कमी नाही. जमीन कोणाची, झाड कोणतं, हे तिथे पाहत नाहीत. म्हणजे वरूड-मोर्शीकडची संत्र्याची दाट बागही त्या हिरव्यात धरली जाऊ शकते. यात लबाडी काही नाही, अहवालात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण पेपरात ‘जंगल वाढलं’ एवढंच छापून येतं.

दुसरं कारण घाणेरी. आपल्याकडे कोणी रायमुनिया म्हणतं, कोणी टणटणी. दोनेकशे वर्षांआधी बागेत शोभेसाठी परदेशातून आणलेलं हे झुडूप. फुलं रंगीत, वास उग्र, गुरं तोंड लावत नाहीत. पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस हिरवं राहतं, आणि त्याच्या दाटीत दुसऱ्या झाडाचं रोप वर येत नाही. जुनं झाड मेलं की त्याच्या जागी त्याचं लेकरू नाही. उपग्रहाला मात्र भरगच्च हिरवं दिसतं. आमच्या टेकडीची उत्तरेकडची बाजू हिरवी झाली होती ती बरीचशी घाणेरीनं. आम्ही जाऊन पाहिलं, झुडपात शिरायलाही वाट नव्हती.

आणि उलटंही घडतं. टेकडीची दक्षिणेकडची बाजू खडकाळ. तिथे झाडं दूरदूर, उन्हाळ्यात मधून माती आणि दगड दिसतात. नकाशात ती ‘विरळ’. खरं तर सरकारी भाषेत सावली चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की विरळ आणि दहाच्या खाली गेली की झुडपी. विरळ शब्द ऐकला की पुढचं वाक्य ठरलेलं, इथे लागवड करा. आमच्याकडेही तेच ठरत होतं. त्या उतारावर एकाच जातीची रोपं ओळीनं लावायची, आधी ‘साफसफाई’ करून. पाच वर्षांनी उपग्रहानं पाहिलं असतं तर हिरवं वाढलेलंच दिसलं असतं.

तेव्हा आमचा गट ठरवून तिथे गेला. कसं केलं ते नीट सांगते, कारण तुम्हालाही करता येईल. चाळीस मीटरची दोरी घ्या. दर दहा मीटरला लाल चिंधी बांधा. चार चिंध्यांवर चार जणी उभ्या राहिल्या की झाला एक आराचा चौकोन, उपग्रहाच्या ठिपक्याएवढा. दोरी नसेल तर दोन सहावारी साड्या टोकाला टोक गाठ मारून एक बाजू मोजा, गाठीत थोडी जाते, दहा मीटर हाती लागतात. कोपरे काटकोनात आहेत का हे पाहायला आमच्यातल्या एकीनं घराच्या पायासाठी गवंडी करतो तसं तीन-चार-पाचाचं माप लावलं. चौकोनातलं प्रत्येक झाड, रोप, वेल आपल्या नावानं लिहायचं. शास्त्रीय नाव नंतर कोणी शिकलेला लिहील. शेजारी लिहायचं की ते कशाच्या कामाचं, कोण वेचतं, आणि त्याची लहान रोपं दिसतात का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मग मोबाइलवर ठिकाणाचे अंक पाहून तेही लिहायचे. मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो, म्हणून चौकोन सारख्या रानाच्या मधोमध घ्यायचा, कडेला नाही.

एक सांगते, पहिल्या दिवशी मी माझ्या पुस्तकातली नावं घेऊन गेले होते. दुपारपर्यंत ती पिशवीत गेली. बायका पानाला हात न लावता साल पाहून झाड सांगत होत्या. आजीनं तर एका बोडक्या खोडाला नख लावून वास घेतला आणि म्हणाली, ‘सालई.’ बाराच्या बारा महिने चित्रं काढून यंत्र जे शिकतं, ते तिच्या नखात होतं.

उत्तरेकडच्या हिरव्या बाजूला एका चौकोनात झाडांचे प्रकार मोजायला एका हाताची बोटं पुरली. दक्षिणेकडच्या विरळ बाजूला दोन्ही हातांची बोटं संपली आणि शेजारणीची घ्यावी लागली. धावडा, टेंभुर्णी, बिब्बा, मोह, बेल, तिवस, आवळा, खैर, आणखी किती तरी. तिथे गोंद मिळतो, गोडंबी मिळते, उन्हाळ्यात लेकरांना टेंभरं मिळतात. ज्या बाईकडे शेत नाही तिच्या घरात मीठ-मिरची या विरळ उतारावरून येते.

ती यादी घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, तिच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि तिनं गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. नोंदवह्या बहुतेक ठिकाणी झाल्या आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा पुष्कळशा घाईत झाल्या. तुमच्या गावची काढून पाहा. काही ठिकाणी शेजारच्या गावची झाडं जशीच्या तशी उतरवलेली सापडतात. नोंदवही एकदा झाली म्हणून मिटत नाही, तिच्यात भर घालता येते. आम्ही घातली.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातलं पायविहीर गाव तुम्ही ऐकलं असेल. २०१२ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड डोंगर त्यांनी राखला आणि तिथली सीताफळं ते स्वतः विकू लागले. त्यांच्या डोंगराचं नंतर कोणी उपग्रहातून चित्र काढलं तर हिरवं दिसेलच, पण तिथे कोणतं झाड आहे हे गावाला आधी ठाऊक होतं.

मी उपग्रहाच्या विरोधात नाही, उलट मला तो हवासा वाटतो. चैत्रात मोहाखालचा पाला पेटवला आणि आग पसरली तर उपग्रहाला ती उष्णता कळते, आणि वन सर्वेक्षणाकडून वनखात्याच्या माणसाच्या मोबाइलवर संदेश येतो. आमच्या आठ-दहा चौकोनांवरून सगळा डोंगर आम्हाला कळणार नाही, तो यंत्रालाच जमेल. पण यंत्र शिकतं चौकोनांवरून. चौकोन लिहिणारी बाई नसेल तर ते घाणेरीलाच जंगल म्हणायला शिकेल.

त्या लागवडीचं काय झालं, विचाराल. पूर्ण थांबली नाही. पण खड्डे दक्षिणेकडचा उतार सोडून खाली गायरानाच्या कडेला सरकले, आणि रोपांच्या यादीत आवळा, मोह आणि बेहडा घातला. उत्तरेकडची घाणेरी दोन पावसाळ्यांपासून आम्ही मुळासकट उपटतो आहोत, फुलं येण्याआधी. पुन्हा उगवते, पुन्हा उपटतो. मागच्या महिन्यात आजी वर गेली होती. खाली येऊन म्हणाली, ‘चाराची दोन पोरं दिसली, बोटभर. गुरं इकडे नका आनजा.’ आम्ही भोवती काट्या लावल्या आणि मोबाइलवर ठिकाणाचे अंक लिहून घेतले. उपग्रहाला ती दिसायला अजून बरीच वर्षं लागतील.

तुमच्या गटाला चौकोन आखायचा असेल तर जानेवारीत एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, असा दोनदा आखा. पानं झडलेली असताना बिब्बा पटकन सापडतो. सोबत दोरी, चिंध्या, वही, पाण्याची बाटली आणि गावातली सगळ्यात म्हातारी वेचणारी बाई न्या. पुढच्या वेळी गोडंबी फोडताना बिब्बा उततो त्यावर काय करायचं, ते आपल्यातलीच एक जण सांगणार आहे.